सतरा नंबरच्या स्टॉलची रांग

त्या वर्षांत सिंगापुरातल्या मराठी माणसाला ‘सध्या काय करता?’ असं विचारलं, तर तो नोकरी सांगत नसे, कोर्स सांगत असे. कोणी बँकेत होता, कोणी जहाजांच्या सुट्या भागांचा हिशेब बघत होता, पण प्रत्येक जण संध्याकाळी डेटा सायंटिस्ट होत होता. गणपतीच्या आरतीला भेटलेल्या एका गृहस्थांनी तर ताम्हन हातात असतानाच मला सांगितलं, की आपण सध्या निर्णयवृक्षांवर काम करत आहोत. मी म्हटलं, छान, घरी बाल्कनी मोठी आहे वाटतं. त्यांनी पुन्हा कधी माझ्याकडे आरतीचं ताम्हन दिलं नाही.

मी जुरोंग आयलंडवर कामाला होतो. तिथे कंपनीच्या बसनेच जावं लागतं. पूर्वी या बसमध्ये सगळे झोपत. बेटाच्या गेटवर पास दाखवण्यापुरते डोळे उघडत आणि तेवढा एक खांदा जागा करून पास पुढे करत. आता मात्र प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि प्रत्येक मोबाइलमध्ये टी-शर्ट घातलेला एक दाढीवाला तरुण यंत्रं कशी शिकतात ते सांगत होता. यंत्रं शिकत होती, याबद्दल शंका नाही. बसमध्ये मात्र पहिल्या वळणानंतर बऱ्याच माना कलत आणि दाढीवाले रिकाम्या डोळ्यांपुढे शिकवत राहत.

माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं. म्हणजे कारखान्यात पाइपांवर आणि टाक्यांवर दाब, तापमान वगैरे मोजणारी जी उपकरणं असतात, ती खरं बोलताहेत की नाही हे बघायचं. संशय घेण्याबद्दल पगार मिळणाऱ्या थोड्या नोकऱ्यांपैकी ही एक. बायकोचं म्हणणं असं, की मी ती नोकरी घरीही आणतो.

एक दिवस आम्हां सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात, टाक्या खिडकीतून दिसत असताना, बाहेरून आलेल्या एका साहेबांनी आम्हांला सांगितलं, की यापुढचं तेल म्हणजे डेटा. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या स्लाइडवर असं निघालं, की आमचा विभाग वर्षअखेर दुसऱ्या देशात हलणार आहे. तोवर टाळ्या वाजवून झाल्या होत्या, त्यामुळे त्या परत घेता येईनात. इथे फक्त डेटाची एक छोटी टीम राहील. तिच्यात यायचं असेल त्याने आपण होऊन एक प्रकल्प करावा आणि तीन माणसांच्या समितीपुढे मांडावा.

मी हे घरी सांगितलं तेव्हा जेवणं चालली होती. आमचा इथे राहायचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पास जातो आणि पास गेला की बिशानचं भाड्याचं घर, मुलीची शाळा, फ्रिजवर चिकटवलेली तिची पोहण्याची वेळापत्रकं, सगळं गुंडाळून पुण्याला. हे आम्हां मोठ्यांना ठाऊक होतं. मुलगी बोलली. तिची पुढच्या वर्षी प्राथमिक शाळेची शेवटची, मोठी परीक्षा होती आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी या एका रस्त्यावर राहत होत्या.

“नो लाह, बाबा. आय नॉट गोइंग.”

“अजून कोणी जात नाहीये,” मी म्हणालो.

“देन यू स्टडी.”

“बाबा कधी अभ्यास करतो का?” बायको म्हणाली. “बाबा अभ्यासाबद्दल मत देतो.” मग माझ्याकडे वळून, “हे बघ, तू फक्त त्या टीममध्ये जा. एकदा आत गेलास, की हवं तेवढं नाक मुरड. मी मध्ये येणार नाही.”

त्या वेळी माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मला त्या एरवी ‘अहो’ म्हणत, आणि टोमणा मारायचा असला की ‘जावईबापू’. त्यांनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाल्या, “जावईबापू, अभ्यासाला बसा. मी बघते कसे उठता ते.”

मी बसलो. या विषयाचा एक नियम आहे, की सुरुवात फुलांपासून करायची. कोणीतरी पूर्वी कधीतरी मोजून ठेवलेल्या पाकळ्यांवरून ते कुठलं फूल आहे ते ओळखायचं. जगातला प्रत्येक डेटा सायंटिस्ट याच फुलांवर शिकलेला असतो आणि त्यातल्या कोणीही ते फूल पाहिलेलं नसतं. फुलं झाली की जहाज. फार पूर्वी बुडालेल्या एका जहाजाच्या प्रवाशांची वयं, तिकिटं, खोल्या दिलेल्या असतात आणि कोण वाचलं, कोण बुडालं याचा अंदाज यंत्राकडून लावून घ्यायचा असतो. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

“हे बुडाले ना?”

“हो, आई.”

“कोण कोण, ते माहीत आहे?”

“हो. यादी आहे.”

“मग आता अंदाज कसला लावताय?”

यंत्राचा अंदाज बरोबर येतो का ते तपासायला, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे उत्तरपत्रिका हातात घेऊन पेपर सोडवायचा. आमच्याकडे त्याला वेगळं म्हणत,” असं म्हणून त्या झोपायला गेल्या. पुढे मी जितकी व्याख्यानं ऐकली, त्यात या विषयाचं याहून सोपं वर्णन आढळलं नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा डोंबिवलीचा एक जण होता. तोही त्याच टीमसाठी धडपडत होता आणि तरीही मला मदत करत होता. एकतर तो मनाने चांगला होता किंवा माझ्यापासून त्याला काही धोका वाटत नव्हता. त्याच्याकडे इतकी प्रमाणपत्रं झाली होती, की एखादं मिळालं नाही तरच तो मोबाइलवरून डोकं वर काढी.

“प्रोजेक्ट काय घेतोयस?” त्याने विचारलं.

“जेवणाच्या रांगा. हॉकर सेंटरमध्ये कुठल्या स्टॉलला कधी किती रांग असेल, ते आधी सांगायचं.”

“च्यायला, भारी आहे. पण रांग म्हणू नकोस रे. ‘कस्टमर फ्लो’ म्हण.”

“उभे तर रांगेतच असतात.”

“ते असू देत. तू फ्लो म्हण.”

कल्पना मला खरोखरच बरी वाटत होती. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली स्वस्त खाण्याचे पुष्कळ स्टॉल, आणि या शहरात जेवायला कुठे जावं हे रांग ठरवते. दोन स्टॉल शेजारी-शेजारी, एकाच चवीचे नूडल्स. एकापुढे पंधरावीस माणसं आणि दुसऱ्यापुढे कोणी नाही, तर आलेला माणूस बिनदिक्कत एकविसावा होतो. काय मिळतं ते तो नंतर बघतो. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढे जे व्हायचं ते झालं.

मोजणी बेडोकच्या एका हॉकर सेंटरमध्ये करायचं ठरलं. बिशानला ओळखीचे लोक भेटले असते आणि रांगा मोजत का उभे आहात ते विचारलं असतं. बेडोकमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं. प्रबंधात याला तटस्थ नमुना निवडणं म्हणतात. काही शनिवार-रविवार दुपारी मी आणि सासूबाई मेट्रोच्या सर्कल लाइनने निघून, पाया लेबारला गाडी बदलून तिथे जात असू. त्या स्वतःहून मदतीला आल्या होत्या. आयुष्यभर वर्गातली हजेरी मोजलेल्या बाईला बसून माणसं मोजायची संधी म्हणजे सुट्टीच.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक घोटाळा केला. इथे लोक टेबल अडवायला त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवतात आणि निर्धास्तपणे रांगेत जातात. ते पाकीट म्हणजे रुमाल टाकून पकडलेली एसटीची सीट. मी त्यांना हे सांगायचं विसरलो. मी परत आलो तेव्हा त्यांच्यापुढे पाकिटांचा ढीग होता आणि आजूबाजूला हातात गरम सुपाचे ट्रे घेतलेली चारपाच कुटुंबं आपली टेबलं शोधत फिरत होती.

“किती विसराळू लोक आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “मी सगळी गोळा केली. कोणाला द्यायची?”

तेव्हापासून त्यांनी टेबलावरून उठायचं नाही, असं ठरलं. त्यांनी डब्यातली थालीपीठं समोर ठेवावीत, खांबाशेजारच्या टेबलावर बसावं आणि उजव्या हाताच्या स्टॉलांपुढची माणसं मोजावीत. मी डाव्या बाजूची मोजावीत. दोघांनी मोबाइलवर स्टॉलचा नंबर आणि माणसं एवढंच टिपायचं.

एवढंच, असं मी म्हटलं होतं. त्यांनी आपले नियम केले.

“तेरा नंबरला ते जोडपं उभं होतं, ते मी धरलं नाही,” घरी येताना त्या सांगत.

“का?”

“भांडत होते. जेवणार नाहीत ते.”

“आई, उभे आहेत ना, मग मोजायचे.”

“उभं राहणं वेगळं आणि खाणं वेगळं.”

“आपण उभे राहिलेले मोजतोय.”

“बरं. मग आता मला विचारू नका. उभा दिसला की मोजते.” आणि त्यांनी शब्द पाळला. तो पाळला नसता तर बरं झालं असतं.

मला उभं राहायला जागा हवी होती. कोणाच्या वाटेत येणार नाही आणि डावीकडची सगळी ओळ दिसेल अशी. ती मला खांबापलीकडे, उजव्या ओळीतल्या सतरा नंबरच्या स्टॉलपुढे सापडली. फिशबॉल नूडल्सचा स्टॉल. वर पाटी होती, काचेवर वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणं होती, आत एक दिवाही जळत होता, पण मालक धंदा बंद करून घरी बसला होता आणि आतल्या जागेत कोणीतरी खोकी ठेवत होतं. शटर अर्धवट ओढलेलं असे. बंद स्टॉलपुढे उभा राहिलो तर कोणाची अडचण होणार, असा माझा विचार. मी एक खांदा स्टॉलकडे करून उभा राही, कानात व्याख्यान लावी आणि मान डावीकडे वळवून मोजत राही. व्याख्यान निरीक्षणाच्या महत्त्वाबद्दल होतं. मागे वळून बघावं, असं त्यात कुठे आलं नाही.

एकदा कोणीतरी माझ्या दंडावर टकटक करून विचारलं, “अंकल, हिअर वॉट नाइस?” इथे काय चांगलं मिळतं? मी कानातलं काढून सांगितलं की मला माहीत नाही, आणि पुन्हा मोजायला लागलो. शिवाय तास संपून मी तिथून निघालो की मागे नाराजीची पुटपुट ऐकू येई. ती मी हवेतल्या उकाड्यावर ढकलली.

मोजलेलं सगळं मी संगणकाला खाऊ घातलं. दाढीवाल्याने बजावलं होतं, की यंत्राला नावं-गावं सांगू नका, फक्त आकडे द्या, म्हणजे तुमचे पूर्वग्रह मध्ये येत नाहीत. मी पूर्वग्रह काढून टाकले. त्यांच्याबरोबर ‘फिशबॉल’ आणि ‘बंद’ हे दोन्ही शब्द गेले, आणि मी ज्याच्यापुढे उभा राही त्या स्टॉलचा नंबर मी कधी लक्षात ठेवला नव्हता. यंत्र शिकलं आणि असं काही बिनचूक सांगू लागलं, की मला भीती वाटली. माझ्या नोकरीत एखादं उपकरण फार दिवस बिनचूक सांगायला लागलं, की आम्ही पान्याने त्याच्या डोक्यावर टकटक करतो. इथे मी ती केली नाही. घरात सगळे खुशीत होते. मुलीने फ्रिजवर नवं वेळापत्रक चिकटवलं, पुढच्या वर्षाचं.

“अल्गोरिदम कुठला?” बसमधल्या शेजाऱ्याने विचारलं.

“साधाच आहे. दोनतीन पद्धतींची सरासरी.”

“सरासरी? ठार करशील स्वतःला. ‘एन्सेम्बल’ म्हण.”

“म्हणजे?”

“म्हणजे सरासरीच. पण असं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.”

समितीत तिघं होते. एक डेटाचे नवे प्रमुख, शुभ्र पांढऱ्या बुटांतले, परदेशातून नुकतेच आलेले. एक एचआरची मुलगी, जी प्रत्येक वाक्यानंतर हसत होती. आणि आमच्या कारखान्यातल्या जुन्या मॅनेजर बाई, चिनी वंशाच्या, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. मॅडम चष्मा कपाळावर ठेवून बसल्या होत्या, म्हणजे त्यांना काही वाचायची इच्छा नव्हती.

मी कस्टमर फ्लो म्हटलं. एन्सेम्बल म्हटलं. खरंच कोणी पुढचं विचारलं नाही. पांढरे बूट मान डोलावत होते. मग मी शेवटच्या स्लाइडवर आलो आणि जाहीर केलं, की येत्या रविवारी दुपारी बेडोकच्या त्या हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांत मोठी रांग सतरा नंबरच्या स्टॉलपुढे असेल.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर आणला. “सेव्हन्टीन? बिहाइंड द पिलर?”

“येस, मॅडम.”

“आय लिव्ह देअर,” त्या म्हणाल्या. “दॅट वन क्लोज ऑलरेडी. लाँग टाइम.”

मी तोंड उघडलं. आमच्याकडे प्रत्यक्ष मोजलेले आकडे आहेत, असं मी म्हणणार होतो. आणि तेवढ्यात तो खांब, ते शटर, दंडावरची ती टकटक, निघताना मागून येणारी ती पुटपुट, खांबाच्या अलीकडे थालीपीठ खात, उभा दिसेल त्याला मोजणाऱ्या सासूबाई, सगळं एकदम माझ्यापुढे आलं. खांबामुळे त्यांना शटर दिसत नव्हतं, मी दिसत नव्हतो, दिसत होती ती फक्त वरची नंबराची पाटी आणि रांगेची शेपटी. आणि रांगेचं डोकं मी होतो.

समोर पास होता, बिशान होतं, फ्रिजवरचं वेळापत्रक होतं. काहीतरी सारवासारव करता आली असती. गैरसोयीचा आकडा बाजूला काढायला वापरतात तो ‘आउटलायर’ हा शब्दही मला येत होता. पण खोटं बोलणाऱ्या मीटरपुढे मी इतकी वर्षं काढली आहेत, की चुकीच्या आकड्यापुढे मला गप्प बसवत नाही.

“ती रांग माझी आहे,” मी इंग्रजीत म्हणालो.

“यू वेअर सेलिंग?” पांढऱ्या बुटांनी विचारलं.

“नो. स्टँडिंग.”

मग मी सगळं सांगितलं. बंद स्टॉल, मी, माझ्या मागे लोक आणि लोकांच्या मागे लोक. हेही सांगितलं, की अरुंद पाइपात जाड थर्मामीटर खुपसला तर तो पाण्याचं नव्हे, आपल्याच अडथळ्याचं माप देतो. आमच्या कामात ही चूक शिकाऊ मुलंसुद्धा करत नाहीत. इथे मी थर्मामीटर होतो, त्यामुळे लक्षात आलं नाही. मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. एचआरची मुलगी पहिल्यांदाच हसायची थांबली. पांढरे बूट मात्र गंभीर झाले होते.

“इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. “सो वी कॅन जनरेट डिमांड?”

घरी मी सांगितलं, तेव्हा बायको सोफ्यावर आडवी होऊन हसली. मग उठून बसली आणि फ्रिजवरचं वेळापत्रक बघत राहिली. सासूबाईंना हसू आलं नाही.

“मी खोटं मोजलं का? माणसं होती. उभी होती. मी मोजली.”

“आई, ती माझ्या मागे उभी होती.”

“तुमच्या मागे?” त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “कशाला?”

या प्रश्नाला त्या विषयात अजूनही उत्तर नाही.

निकाल यायला वेळ लागला. तोवर घरात कोणी पुण्याचं नाव काढत नसे, आणि सासूबाईंनी तिकडच्या शाळांच्या मुख्याध्यापिकांशी हळू आवाजात फोन सुरू केले होते. मुलगी जेवताना माझ्याकडे अशी बघे, जशी आम्ही प्रगतिपुस्तकाच्या दिवशी तिच्याकडे बघतो.

मग एचआरमधून फोन आला. डोंबिवलीकराला डेटा सायंटिस्ट म्हणून घेतलं होतं. त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये मानवी मेंदूचं निळं चित्र होतं, आणि पांढऱ्या बुटांना निळा रंग आवडत असावा. माझ्याबद्दल मॅडमनी म्हटलं होतं, की हे लोक आकडे शिजवणार, तर आकडे ताजे आहेत की नाही ते बघायला एक संशयी माणूस हवाच. तर मीही टीममध्ये होतो. डेटा क्वालिटी सायंटिस्ट. पासचा अर्ज कंपनी करणार होती.

मुलीने विचारलं, “सो वॉट यू डू?”

“पाइपांवरचे मीटर खरं बोलतात का, ते बघायचं.”

“सेम जॉब?”

“हो.”

“देन व्हाय यू स्टडी?”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “नाक मुरडायची परवानगी आजपासून सुरू.”

सासूबाई परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे बेडोकला जेवायला गेलो. आता मोजायचं काही नव्हतं. सासूबाईंना उसाचा रस प्यायचा होता, पण त्या स्टॉलपुढे ही लांबलचक रांग. त्यांनी टेबलावर शिस्तीत टिश्यूचं पाकीट ठेवलं, रांगेकडे बघितलं, खांबाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

“जावईबापू, जरा तिकडे सतरा नंबरपुढे उभे राहा बघू.”

“आई, काहीतरीच काय.”

“उभे राहा हो. मोबाइल धरा हातात. आणि चेहरा असा हसरा नको. तुमचा नेहमीचा ठेवा.”

मी गेलो. अर्धवट शटरपुढे, एक खांदा स्टॉलकडे करून उभा राहिलो. या वेळी कानात काही नव्हतं, म्हणून मागे पावलं वाजलेली ऐकू आली. एक माणूस. मग एक बाई, तिच्यामागे तिची मैत्रीण. रसाच्या रांगेचं शेपूट जरा हललं, सैल झालं आणि दोघंतिघं तिथून निघून इकडे आले. त्या रांगेत जाऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई शांतपणे पुढे सरकल्या. थोड्या वेळाने त्यांनी लांबून भरलेला ग्लास वर करून दाखवला आणि मुलीने दोन्ही अंगठे.

काम झालं होतं. मी निघणार, एवढ्यात मागच्या माणसाने विचारलं, “अंकल, हिअर वॉट नाइस?”

मी आता पगारी सत्यशोधक होतो. त्याला सरळ सांगितलं, की काही नाही, हा स्टॉल बंद आहे, कधीच बंद झालाय.

त्याने माझ्याकडे बघितलं, आत जळणाऱ्या दिव्याकडे बघितलं, आणि सगळे फिशबॉल एकट्यानेच खायचा माझा बेत आपल्याला कळला आहे अशा अर्थाने मान हलवली.

“नेव्हर माइंड,” तो म्हणाला. “आय वेट.”